गिट पुश झालं म्हणते, पण ब्लॉगवर जुनंच दिसते: कुठून तपासायचं

"ताई, पुश केलं, एरर काहीच नाही आली, पण ब्लॉगवर कालचंच दिसून राहिलं." हा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतोच. ओळखीतल्या आठ-नऊ जणांना मी स्वतःचा ब्लॉग उभा करून दिलाय आणि सगळ्यांचा सेटअप जवळपास सारखाच आहे. लॅपटॉपवर मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात थोड्या खुणा टाकून) लिहायचं, ह्यूगो नावाच्या प्रोग्रामने त्याची साईट बनते, गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम) कमिट म्हणजे बदलाची नोंद करायची आणि आपल्याच सर्व्हरवर पुश, म्हणजे ती नोंद पाठवायची. सर्व्हर म्हणजे कोणाकडे राउटरशेजारी ठेवलेला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसतं "पाय" म्हणते), तर कोणी भाड्याने छोटा व्हीपीएस, म्हणजे कंपनीकडचा आभासी सर्व्हर, घेतलेला. त्यावर एक बेअर रेपो असतो (रेपो म्हणजे गिटचं फोल्डर, बेअर म्हणजे त्यात नुसता इतिहास, उघड्या फाइली नाहीत), त्यात पोस्ट-रिसीव्ह नावाचा हुक, म्हणजे आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट, आणि पुश आला की तो हुक फाइली बाहेर काढतो, ह्यूगो चालवतो, तयार पानं एनजिनएक्सच्या (वाचकाला पानं पाठवणारा प्रोग्राम) फोल्डरमध्ये ठेवतो. डेटाबेस नाही, अ‍ॅडमिन पॅनेल नाही, काही नाही. सेटअप इतका साधा असल्यामुळे बिघाडही ठरलेलेच असतात, आणि तेच तेच दुरुस्त करून आता मला क्रम पाठ झालाय, तोच इथे लिहून ठेवते.

आधी लक्षणं

सर्व्हरला हात लावायच्या आधी आपलं नेमकं काय होऊन राहिलं ते एका ओळीत लिहा, खरंच कागदावर लिहा, कारण फोनवर सगळे "ब्लॉग चालत नाही" एवढंच सांगतात आणि त्याचे सात वेगळे अर्थ निघतात:

– पुश व्यवस्थित होतो, पण नवीन पोस्ट कुठेच नाही.
– पोस्ट दिसते, पण दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी, दुसरं काहीतरी पुश केल्यावर.
– पोस्ट आली पण फोटोच्या जागी तुटलेलं चिन्ह. लॅपटॉपवर मात्र फोटो छान दिसतो.
– पोस्ट काढून टाकली तरी तिची लिंक उघडतेच.
– पान कोरं येतं किंवा सगळी सजावट गेलेली.
– साईटच उघडत नाही, किंवा घरी उघडते आणि बाहेर नाही, किंवा उलट.
– ब्राउझर म्हणतो कनेक्शन सुरक्षित नाही.

पहिल्या पाच लक्षणांत दोष बहुतेक वेळा लॅपटॉपवर किंवा हुकमध्ये सापडतो, शेवटच्या दोनांत तो नेटवर्क, डोमेन किंवा सर्टिफिकेटकडे असतो. दोन वेगळे रस्ते आहेत, म्हणून हे आधी ठरवायचं.

एक गोष्ट समजून घ्या, मग बाकी सगळं सोपं जातं

पोस्ट-रिसीव्ह हुक चालतो तो पुश स्वीकारून झाल्यावर. म्हणजे सर्व्हरने तुमचे कमिट घेतले, ब्रांच (कमिटांची नाव दिलेली साखळी) पुढे सरकवली, आणि त्यानंतर हुक सुरू झाला. आता हुक मध्येच मेला तरी पुश मागे फिरत नाही, तो यशस्वीच राहतो, आणि तुमच्या स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं. संत्र्याचा ट्रक नागपूरच्या कळमन्याच्या मार्केटमध्ये पोचला म्हणजे माल ग्राहकाच्या पिशवीत गेला असं होत नाही ना, मध्ये उतरवणं आहे, लिलाव आहे, गाडीवाला आहे. पुश म्हणजे फक्त ट्रक पोचणं. त्यामुळे आपलं काम एवढंच, की नवीन मजकूर लॅपटॉपपासून ब्राउझरपर्यंत जाताना कोणत्या टप्प्यावर थांबला ते शोधायचं, आणि ते लॅपटॉपकडून सर्व्हरकडे जात शोधायचं. बरेच जण थेट सर्व्हरवर लॉगिन करून सेटिंग बदलत सुटतात आणि चांगला चालणारा भाग बिघडवून ठेवतात, मग मला एकाऐवजी दोन बिघाड काढावे लागतात.

दहा सेकंदाची तपासणी: ब्राउझर आणि मोबाईल डेटा

कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबून पान परत लोड करा, किंवा प्रायव्हेट विंडोत उघडा. ब्राउझर जुनी प्रत साठवून ठेवतो आणि तीच दाखवतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे विसरतात. त्यानंतर फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर उघडा, हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, कारण सर्व्हर घरातच असेल तर काही राउटर घरातून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर परत येऊ देत नाहीत. मग घरी साईट बंद दिसते आणि मुंबईतल्या बहिणीकडे मस्त चालू असते. तसं असेल तर बिघाड नाहीच, घरापुरती लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये (कोणतं डोमेन कोणत्या पत्त्यावर ते लिहायची यादी) सर्व्हरच्या आतल्या पत्त्याची एक ओळ टाका, झालं.

लॅपटॉपवर: कमिट झालं का, पोचलं का

रेपोच्या फोल्डरमध्ये गिट स्टेटस चालवा. नवीन फाइल लाल दिसत असेल तर तुम्ही अ‍ॅड केलीच नाही, आणि हे इतक्यांदा होतं की मी फोनवर सगळ्यात आधी हेच विचारते. पुशला "एव्हरीथिंग अप टू डेट" असं उत्तर आलं असेल तर तो यशाचा संदेश समजू नका, त्याचा अर्थ पाठवायला नवीन काही नव्हतं, म्हणजे एकतर कमिटच झालं नाही किंवा तुम्ही दुसऱ्या ब्रांचवर बसून आहात.

कमिट झालेलं असेल तर गिट लॉगच्या पहिल्या ओळीतला कमिटचा लांब आकडा पाहा, आणि मग गिट एलएस-रिमोट ओरिजिन चालवा. ही दुसरी कमांड सर्व्हरला विचारून सांगते की त्याच्याकडे कोणती ब्रांच कुठल्या कमिटवर आहे. दोन्हीकडे पहिली सात अक्षरं सारखी असतील तर मजकूर सर्व्हरवर पोचलाय, पुश सोडा आणि पुढे चला. ही कमांड फार कमी लोक वापरतात, पण सर्व्हरवर लॉगिन न करता एवढी पक्की माहिती दुसरं कोणी देत नाही.

इथेच एक आपल्या लोकांची खास अडचण. फाइलचं नाव देवनागरीत ठेवलं की गिट स्टेटसमध्ये नावाऐवजी उलट्या तिरप्या रेघा आणि तीन-तीन आकड्यांची माळ दिसते, आणि माणूस घाबरतो की फाइल करप्ट झाली. काही झालेलं नसतं. गिट साध्या रोमन अक्षरांपलीकडचं नाव तसं छापतं, गिट कॉन्फिगमध्ये कोअर डॉट कोटपाथ फॉल्स केलं की नाव नीट वाचता येतं. तरी माझं मत असं, की फाइलचं नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये डॅश देऊन ठेवा आणि शीर्षक मात्र दणदणीत मराठीत द्या. वाचकाला शीर्षकच दिसणार आहे. पत्त्यात देवनागरी ठेवली तर ती लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना अनेकदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब साखळी होऊन जाते आणि लोक ती उघडायला घाबरतात.

ड्राफ्ट आणि तारीख, इथे सगळ्यात जास्त वेळ जातो

आमच्या कॉलनीतले एक निवृत्त सर रोज पहाटे अंबाझरीला फिरायला जातात आणि परत आल्यावर तलावावर कोणते पक्षी दिसले त्याची नोंद ब्लॉगवर टाकतात. त्यांची तक्रार अशी, की सकाळी सातला टाकलेली पोस्ट दिसत नाही, दुपारी जेवण झाल्यावर एखादी चूक सुधारून परत पुश केलं की दोन्ही गोष्टी एकदम दिसतात. सरांनी दोन आठवडे नोंदी ठेवल्या होत्या, कोणत्या दिवशी किती वाजता दिसली ते सगळं वहीत. त्या वहीमुळेच मला पाच मिनिटांत कळलं.

ह्यूगो ज्या पोस्टची तारीख भविष्यातली आहे ती बनवतच नाही, आणि एरर पण देत नाही, कारण त्याच्या मते ती पोस्ट तुम्ही पुढच्यासाठी राखून ठेवलीय. आणि तारखेत टाइमझोन लिहिला नसेल तर तो ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) धरतो. सरांनी लिहिलं सकाळी ७:१०, ह्यूगोने समजलं यूटीसी ७:१०, म्हणजे आपल्याकडचे दुपारचे १२:४०. तोपर्यंत ती पोस्ट भविष्यातली. आणि १२:४० वाजले तरी ती आपोआप उगवत नाही, कारण ह्यूगो तेव्हा चालत नसतो, पुढचा पुश होईल तेव्हाच साईट नव्याने बनते. म्हणून दुपारच्या दुरुस्तीबरोबर दोन्ही दिसायच्या. नुसती तारीख लिहिली, वेळ नाही, तर ती यूटीसी मध्यरात्र, म्हणजे आपले पहाटे ५:३०. पहाटे पाचला पुश करणाऱ्याची पोस्ट तिथेही अडकते.

उपाय दोन आहेत. तारखेच्या शेवटी अधिक ०५:३० लिहा, किंवा एकदाच साईटच्या कॉन्फिगमध्ये टाइमझोनला एशिया स्लॅश कोलकाता द्या. मी दुसरा करते, कारण पहिला रोज लक्षात ठेवावा लागतो आणि रोज लक्षात ठेवायची गोष्ट कधीतरी विसरतेच.

तपासायला सर्व्हरची गरज नाही. लॅपटॉपवर ह्यूगो लिस्ट फ्युचर आणि ह्यूगो लिस्ट ड्राफ्ट्स चालवा, पोस्ट त्यात दिसली की उत्तर मिळालं. ड्राफ्टचं, म्हणजे कच्च्या पोस्टचं, तसंच आहे, ह्यूगो न्यूने बनवलेल्या फाइलमध्ये बहुतेक वेळा वरती ड्राफ्ट ट्रू लिहिलेलं असतं, ते फॉल्स करायचं राहून जातं. आणि लॅपटॉपवर ह्यूगो सर्व्हर डॅश डी लिहून चालवायची सवय असेल तर तिथे ड्राफ्टही दिसतात, म्हणून माणूस म्हणतो "माझ्याकडे तर दिसून राहिली ना". अंतिम तपासणी करताना डी न लावता चालवा. ह्यूगोऐवजी जेकिल वापरत असाल तरी भविष्यातल्या तारखेचा नियम जवळपास असाच आहे आणि टाइमझोनची सेटिंग तिथेही आहे.

फोटो दिसत नाही

हे पटकन सांगते. विंडोजला मोठं अक्षर आणि लहान अक्षर सारखंच वाटतं, लिनक्सला नाही. कॅमेऱ्यातून फाइल येते ती शेवटी मोठ्या अक्षरांत जेपीजी असलेली, तुम्ही पोस्टमध्ये लिहिता लहान अक्षरांत, लॅपटॉपवर चालतं आणि सर्व्हरवर ४०४, म्हणजे फाइल सापडली नाही. नुसतं एक्सप्लोररमधून नाव बदललं तर विंडोजवर गिटला बदल झाल्याचं कळतच नाही, म्हणून गिट एमव्ही वापरून नाव बदला, कमिट करा, पुश करा.

ब्रांच: मेन की मास्टर

गिटहबने ऑक्टोबर २०२० पासून नव्या रेपोत पहिल्या ब्रांचचं नाव मेन ठेवायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी गिटच्या २.२८ व्हर्जनमध्ये हे नाव आपल्याला हवं ते ठेवायची सेटिंग आली. त्यामुळे आज कोणाच्या लॅपटॉपवर मेन, कोणाच्या सर्व्हरवर मास्टर अशी सरमिसळ आहे. तुम्ही मेन पुश करता, सर्व्हर ते आनंदाने घेतो, पण बेअर रेपोचा हेड (मुख्य ब्रांच कोणती ते सांगणारी खूण) अजून मास्टरकडे बोट दाखवत असतो आणि हुकमधलं साधं चेकआउट (रेपोतून फाइली काढायची कमांड) मास्टरच बाहेर काढतं. साईट महिन्यांपूर्वीच्या अवस्थेत गोठून बसते. माझ्या मावसभावाने नवीन लॅपटॉप घेतला तेव्हा हेच झालं होतं, जुना मास्टर तसाच पडून होता म्हणून एररही आली नाही.

एलएस-रिमोटच्या उत्तरात दोन्ही नावं दिसली तर संशय इथेच घ्या. सर्व्हरवरच्या बेअर रेपोत गिट सिम्बॉलिक-रेफ हेड चालवून सध्याचं नाव पाहा आणि रेफ्स स्लॅश हेड्स स्लॅश मेन देऊन बदला. आणि हुकमध्ये चेकआउटच्या पुढे ब्रांचचं नाव स्पष्ट लिहून टाका, परत प्रश्न नको.

आता सर्व्हरवर: हुक

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं तरच सर्व्हरकडे या. त्याआधी एक फुकटची गोष्ट, पुश करताना स्क्रीनवर "रिमोट" शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी येतात, त्या तुमच्या हुकच्या तोंडचे शब्द आहेत. लोक त्या वाचतच नाहीत, वर सरकून जातात. एक छोटा बदल पुश करा आणि त्या ओळी निवांत वाचा.

एकही रिमोट ओळ नाही, हुक चाललाच नाही: बहुतेक फाइलला चालवायची परवानगी नाही. सीएचमॉड प्लस एक्स चालवून ती द्या. फाइलचं नाव पण पाहा, शेवटी डॉट सॅम्पल राहिलेलं नको, गिट रेपोसोबत येणाऱ्या नमुना फाइलींना ते असतं आणि त्या चालत नाहीत.

फाइल समोर दिसते तरी "नो सच फाइल" येतं: हे पाहून डोकं गरगरतं. हुक विंडोजवर लिहून कॉपी केलेला असतो, प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जास्तीचं अक्षर असतं, आणि पहिल्या ओळीतल्या शेलच्या पत्त्याला ते चिकटल्यामुळे लिनक्स अशा प्रोग्रामला शोधतो जो नाहीच. डॉस-टू-युनिक्स चालवा.

"ह्यूगो, कमांड नॉट फाउंड": तुम्ही लॉगिन करून चालवता तेव्हा ह्यूगो सापडतो कारण तुमचा पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे त्या फोल्डरांची यादी) भरलेला असतो, हुकला तेवढा पाथ मिळत नाही. स्नॅपने (लिनक्सवर प्रोग्राम टाकायची एक पद्धत) टाकलेल्या ह्यूगोला हे नेहमी होतं. विच ह्यूगो विचारा आणि येईल तो पूर्ण पत्ता हुकमध्ये लिहा.

"नॉट अ गिट रिपॉझिटरी" आणि पुढे नुसतं टिंब: हुक चालताना गिट स्वतः जीआयटी-डीआयआर नावाचं व्हेरिएबल टिंबावर ठेवून देतं, म्हणजे "मी आत्ता जिथे उभा आहे तोच रेपो". तुम्ही हुकमध्ये सीडी करून दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलात आणि तिथे गिट पुल केलं की ते टिंब तुमच्याबरोबर येतं आणि चुकीच्या जागी रेपो शोधतं. सीडीच्या आधी अनसेट जीआयटी-डीआयआर अशी एक ओळ टाका. ही एरर हाताने कमांड चालवून कधीच येत नाही, म्हणून लोक दिवसचे दिवस घालवतात.

"ड्युबियस ओनरशिप": एप्रिल २०२२ पासून गिट दुसऱ्या युजरच्या मालकीच्या रेपोत काम करायला नकार देतं, सुरक्षेसाठी. कधीतरी तुम्ही सुडो लावून काहीतरी चालवलं आणि फाइली रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, झाल्या. गिट कॉन्फिगमध्ये सेफ डॉट डिरेक्टरी टाकून गप्प बसवता येतं, पण मला ते पटत नाही. ज्या युजरने पुश होतो त्याच्याच नावावर रेपो आणि वेबचं फोल्डर चाऊन कमांडने करा, मूळ दुखणं तेच आहे. "परमिशन डिनाइड" आलं तरी औषध हेच. फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळं करू देणारी) परवानगी देऊन मोकळं होऊ नका, मग सर्व्हरवरचा कोणताही प्रोग्राम तुमची पानं बदलू शकतो.

पान कोरं आलं तर थीम पाहा. थीम (साईटची सजावट) बरेचदा गिट सबमॉड्यूल, म्हणजे रेपोच्या आतला दुसरा रेपो, म्हणून जोडलेली असते आणि साधं चेकआउट तिचं फोल्डर रिकामंच ठेवतं. सर्व्हरवर गिट सबमॉड्यूल अपडेट, इनिट आणि रिकर्सिव्ह लावून, चालवावं लागतं. मी तर आता थीमच्या फाइली सरळ रेपोतच ठेवते, ब्लॉगसाठी एवढा गुंता कशाला. आणि दोन्हीकडे ह्यूगो व्हर्जन विचारा, डेबियनच्या भांडारातला ह्यूगो बराच जुना असू शकतो आणि नवीन थीम त्यावर उठत नाही.

काढलेली पोस्ट उघडत असेल तर तो ह्यूगोचा स्वभाव आहे, तो साईट बनवण्याआधी पब्लिक फोल्डर रिकामं करत नाही. हुकमध्ये नव्या तात्पुरत्या फोल्डरात साईट बनवा आणि ह्यूगो यशस्वी झाला तरच जुन्याच्या जागी ठेवा. आधी पुसून मग बनवू नका, मध्ये ह्यूगो अडखळला तर ब्लॉगच गायब होतो.

यंत्र: डिस्क, वीज आणि आपला उन्हाळा

डीएफ डॅश एच चालवा, डिस्क किती भरली ते कळतं. डिस्क १०० टक्के भरली असेल तर हुक काहीच लिहू शकत नाही. लॉग वाढलेले असतात, जर्नल-सीटीएलला व्हॅक्यूम साईज देऊन कमी करा.

"रीड-ओन्ली फाइल सिस्टिम" हे शब्द दिसले तर मात्र थांबा. रास्पबेरी पायमध्ये एसडी कार्ड असतं, लिहिणं चालू असताना लाईट गेली की त्यावरची फाइल सिस्टिम बिघडू शकते, आणि पावसाळ्यात पहिल्या वादळाला लाईट जाणं आपल्याकडे नवीन नाही. कार्ड मरायला आलं की लिनक्स त्यावर लिहिणं बंद करतो, उरलेलं वाचावं म्हणून. रीबूट करून परत परत प्रयत्न केला तर उरलेलंही जाऊ शकतं. पण घाबरू नका, तुमचे सगळे लेख, पूर्ण इतिहासासकट, लॅपटॉपवरच्या रेपोत आहेत. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली गिट केलं ते असंच, प्रत्येक क्लोनमध्ये सगळा इतिहास. नवीन कार्ड घ्या, सर्व्हर परत उभा करा, पुश करा. फक्त हुक रेपोच्या इतिहासात जात नाही, म्हणून त्याची आणि एनजिनएक्सच्या कॉन्फिगची एक प्रत लॅपटॉपवर आजच काढून ठेवा.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, एक वेगळंच होतं. बाहेर ४५ च्या वर, खोलीत कूलर बंद, राउटर आणि पाय दोघेही बंद कपाटात. पाय ४ चा प्रोसेसर ८० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करायला लागतो, मग जी साईट दोन सेकंदात बनायची तिला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि माणूस वाट पाहून कंट्रोल सी दाबतो. व्हीसीजेन-सीएमडी मेजर टेंप आणि गेट थ्रॉटल्ड ह्या दोन कमांड चालवा. दुसरीचं उत्तर शून्य एक्स शून्य आलं तर ठीक, दुसरं काही आलं तर कधीतरी ताप झालाय किंवा व्होल्टेज पडलंय. कपाटातून बाहेर काढा, हीटसिंक लावा, आणि फोनचा जुना चार्जर वापरत असाल तर पायचा योग्य अ‍ॅडॉप्टर घ्या, पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतो. कूलरसमोर मात्र ठेवू नका, ओली हवा आणि पाण्याचे शिंतोडे दोन्ही त्याला मारतात.

साईटच उघडत नाही

डोमेनची मुदत संपली नाही ना, एवढं आधी पाहा. मग डोमेन ज्या आयपीकडे जातं तो आणि घरचा आजचा आयपी सारखे आहेत का ते पाहा, घरच्या कनेक्शनचा आयपी राउटर बंद-चालू झाला की बदलू शकतो. वेगळे असतील तर डायनॅमिक डीएनएसचा (बदललेला आयपी डोमेनला कळवणारी सेवा) अपडेट थांबलाय.

राउटरच्या पानावर दिसणारा वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कशाने सुरू होत असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगची (बाहेरून येणाऱ्याला घरातल्या सर्व्हरकडे वळवायची) सेटिंग करत बसू नका. तो पत्ता बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाही, कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवलंय, बाहेरून येणारा माणूस तुमच्या राउटरपर्यंत पोचणारच नाही. माझ्या एका मैत्रिणीने मानेवाड्यात घर बदललं, नवीन कनेक्शन घेतलं, आणि आम्ही दोघींनी अख्खा रविवार राउटरवर घालवला तेव्हा मी हे शिकले. कनेक्शन देणाऱ्याकडून स्टॅटिक आयपी मागा, किंवा टनेल (बाहेरच्या सर्व्हरमार्फत घरापर्यंतचा रस्ता) लावा, किंवा ब्लॉग व्हीपीएसवर न्या.

सुरक्षित नाही असा इशारा आला तर बहुतेक सर्टिफिकेट (साईट खरीच तुमची आहे हे ब्राउझरला दाखवणारं) संपलंय. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट साधारण ९० दिवसांचं असतं आणि जून २०२५ पासून ते मुदत संपायची आठवण ईमेलने पाठवत नाहीत, त्यामुळे आधी जे ईमेलच्या भरवशावर होते ते आता अडकतात. ते नवं करणाऱ्या सर्टबॉटची सर्टबॉट रिन्यू कमांड, ड्राय-रन (नुसती चाचणी) लावून, चालवा. बहुतेक वेळा कोणीतरी पोर्ट ८० बंद केलेला निघतो. नवीन सर्टिफिकेट आल्यावर एनजिनएक्स रीलोड करा, त्याआधी एनजिनएक्स डॅश टी चालवून कॉन्फिगमध्ये चूक नाही ना ते पाहा.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

अ‍ॅडॉप्टर हाताला चटका लागेल इतका गरम होत असेल, जळका वास येत असेल, किंवा पायच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं बटण बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग स्वतः तपासू नका.

कार्ड किंवा डिस्क मरायला आलीय आणि त्यावर असं काही आहे ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही, तर पॉवर काढा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. यूट्यूब पाहून रिपेअरच्या कमांड चालवू नका, त्या कार्डावर लिहितात.

तुम्ही न लिहिलेली पानं ब्लॉगवर दिसत असतील, अनोळखी युजर असेल, किंवा प्रोसेसर विनाकारण पूर्ण भरलेला असेल, तर कोणीतरी आत शिरलंय. सर्व्हर नेटवरून काढा आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला दाखवा. पुसून साफ करून तोच परत वापरू नका, नव्याने उभा करा, पासवर्ड आणि लॉगिनच्या की बदला.

व्हीपीएसला एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) लागतच नसेल आणि त्यांच्या कन्सोलमधूनही तो बूट होत नसेल तर तो त्यांचा प्रश्न आहे, सपोर्टला तिकीट टाका.

आणि हुकवर दोन तास गेले आणि तुम्ही तेच तेच बदलून पाहून राहिले असाल तरी थांबा, जाणकाराला फोन करा. फोन करायच्या आधी एवढं काढून ठेवा: गिट लॉगची पहिली ओळ, एलएस-रिमोटचं उत्तर, पुश करतानाच्या सगळ्या रिमोट ओळी, डीएफचं उत्तर, दोन्हीकडचं ह्यूगो व्हर्जन, आणि शेवटचं नीट कधी चाललं होतं ती तारीख. स्क्रीनशॉट नको, मजकूर कॉपी करून पाठवा, म्हणजे समोरच्याला त्यातून शोधता येतं. पासवर्ड आणि प्रायव्हेट की कोणालाच पाठवू नका, मी मागितली तरी.